आजीची शुगर, रूममेटची शुगर: एक शब्द, दोन आजार

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा पूर्ण मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

आजची गोष्ट सुरू होते लातूरच्या एका हॉस्टेलमधून. अकरावी-बारावीला 'लातूर पॅटर्न'च्या नादात जे तिथं राहिलेत, त्यांना ती खोली लगेच दिसेल. तीन कॉट, एक कूलर, भिंतीवर टाइमटेबल आणि दाराशी वीस लिटरचा पाण्याचा जार. माझा रूममेट नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. नाव सांगत नाही, कारण ते सांगायचा हक्क त्याचा आहे.

एप्रिल महिना होता. तो रात्री चार-चार वेळा उठून बाटली भरायचा, तितक्याच वेळा बाथरूमला जायचा. आम्हाला काहीच वाटलं नाही. लातूरला उन्हाळ्यात तहान लागली तर त्यात काय नवल? याच शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याची पँट ढिली व्हायला लागली तेव्हा आम्ही मेसच्या जेवणाला शिव्या दिल्या. वर्गात पेंगायला लागला तेव्हा म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन. मग एके दिवशी उलट्या आणि पोटदुखी. जवळच्या एका डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध दिलं. रात्री तो जोरजोरात, खोल श्वास घ्यायला लागला आणि आम्ही घाबरून त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं बोटाला सुई टोचून पहिली तपासणी केली. रक्तातली साखर पाचशेच्या वर होती.

त्याची आजी गावाहून आली. माउलीनं कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकरा, भ्यायचं नाय. मला बी हाय की शुगर, बारा वर्षं झाली. रोज एक गोळी खाती, काय होत नाय."

आजी खोटं बोलत नव्हती. तिलाही शुगर होती, नातवालाही शुगर होती. पण दोघांचे आजार वेगळे होते. आजीचा होता टाइप २ मधुमेह, नातवाचा टाइप १. आणि हा फरक घरात कुणालाच माहीत नव्हता. तीन महिन्यांनी कुणीतरी सांगितलं, "इन्सुलिनची सवय लागते, या वयात कशाला सुया टोचून घेतो? बंद कर, काढा घे." त्यानं दोन दिवस इन्सुलिन घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तो नांदेडला अतिदक्षता विभागात होता.

वाचला. म्हणून ही गोष्ट सांगता येतेय. आज आपण बघणार आहोत की हे दोन आजार वेगळे आहेत हे माणसाला कळलं कसं, कधी कळलं, आणि कळूनसुद्धा आपल्या घरापर्यंत का पोचलं नाही.

मुंग्या आणि दोन प्रकारचे रोगी

पहिला मुक्काम आपल्याच देशात. चरक आणि सुश्रुत यांच्या नावाच्या संहिता साधारण दोन हजार वर्षं जुन्या. लघवी गोड होते, तिला मुंग्या लागतात, हे निरीक्षण आपल्या वैद्यांनी तेव्हा नोंदवलंय. 'मधुमेह' हा शब्द तिथलाच, मधासारखी लघवी.

पण त्याहून भारी गोष्ट पुढं आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत. एक 'सहज', म्हणजे जन्मासोबत आलेला, आईवडिलांकडून मिळालेला. दुसरा 'अपथ्यनिमित्तज', म्हणजे चुकीच्या खाण्यापिण्यातून आलेला. पहिला रोगी बारीक, कोरडा पडलेला, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसरा स्थूल, भरपूर खाणारा, बसून आणि झोपून राहणारा. चरकसंहिता पण सांगते की कृश रोग्याला पोषण द्या, स्थूल रोग्याचं शोधन करा. एकाच आजाराला दोन उलट उपाय!

आता लगेच व्हॉट्सॲप फॉरवर्ड करू नका की 'आपल्याला सगळं आधीच माहीत होतं'. सुश्रुताचा 'सहज' म्हणजे आजचा टाइप १, असं सरळ म्हणता येत नाही. त्यांच्याकडं रक्त तपासायचं साधन नव्हतं, इन्सुलिन ही कल्पना नव्हती. आणि गंमत बघा, आईवडिलांकडून येण्याचा धागा टाइप २ मध्ये जास्त ठळक दिसतो. पण समोर बसलेली दोन माणसं वेगळी आहेत, त्यांना एकच औषध चालणार नाही, एवढं त्यांनी डोळ्यांनी ओळखलं होतं. हे छोटं नाही.

युरोपात हीच गोष्ट खूप उशिरा आली. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्लिश डॉक्टरनं दाखवलं की लघवीतला गोडवा म्हणजे साखरच आहे. मग १८८० च्या सुमारास पॅरिसच्या एतिएन लॉन्सरो यांनी मधुमेहाचे दोन भाग केले, बारीक लोकांचा आणि जाड लोकांचा. म्हणजे फिरून परत तिथंच.

कुत्रा, स्वादुपिंड आणि बेटं

आता कारणाकडं येऊ. १८६९ साली पॉल लँगरहान्स नावाचा जर्मन विद्यार्थी, वय जेमतेम एकवीस, सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंड बघत होता. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागं आडवी असलेली ग्रंथी. तिच्यात त्याला पेशींचे वेगळेच पुंजके दिसले, समुद्रात बेटं असावीत तसे. हे काय काम करतात ते त्याला कळलं नाही. आज त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात.

वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. कुत्र्याला मधुमेह झाला. म्हणजे साखर सांभाळणारं काहीतरी त्या ग्रंथीत आहे हे पक्कं झालं. पण ते 'काहीतरी' बाहेर काढायला आणखी बत्तीस वर्षं गेली.

त्या बत्तीस वर्षांत मधुमेह झालेल्या लेकरांचं काय व्हायचं? ती मरायची. काही आठवड्यांत, फार तर एक-दोन वर्षांत. सगळ्यात 'चांगला' उपाय म्हणजे अमेरिकेतल्या फ्रेडरिक ॲलन यांचा उपासमारीचा आहार. मुलाला इतकं कमी खायला द्यायचं की साखर तयारच होणार नाही. मूल थोडं जास्त जगायचं, पण सापळा होऊन. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती पंधरा वर्षांची होत होती आणि तिचं वजन होतं साधारण वीस किलो. आपल्याकडं सहा-सात वर्षांच्या लेकराचं असतं तेवढं. मंत्र्याच्या घरात, सगळी श्रीमंती असताना!

जानेवारी १९२२

कॅनडातल्या टोरांटोमध्ये १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. प्रयोगशाळा होती जॉन मॅकलाउड यांची. अर्क शुद्ध करायचं काम जेम्स कॉलिप यांनी केलं.

११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू आलं, फायदा फारसा झाला नाही. कॉलिप यांनी रात्रंदिवस काम करून तो आणखी शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि या वेळी साखर खाली आली. लिओनार्ड आणखी तेरा वर्षं जगला. आणि ती एलिझाबेथ? तिला इन्सुलिन मिळालं, लग्न झालं, मुलं झाली आणि ती १९८१ पर्यंत, त्र्याहत्तर वर्षांची होईपर्यंत जगली.

बँटिंगनी सुरुवातीला पेटंटवर आपलं नावच लावलं नाही. बाकीच्यांनी हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले.

आता माझ्या रूममेटच्या गोष्टीकडं परत या. 'इन्सुलिनची सवय लागते' हे वाक्य आणि ही तारीख शेजारी ठेवून बघा. १९२२ च्या आधी टाइप १ झालेल्या प्रत्येक मुलाचं इन्सुलिन 'बंद'च होतं. त्याचा निकाल काय लागला, ते जगानं पाहिलंय. टाइप १ मध्ये इन्सुलिन लागतं ते आपल्याला पाणी लागतं तसं. पाण्याची सवय लागली असं कुणी म्हणत नाही.

सगळ्यांना सारखं का चालेना?

इन्सुलिन आलं आणि वाटलं, मधुमेह संपला. पण डॉक्टरांना लवकरच एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. काही रोग्यांना थोडंसं इन्सुलिन दिलं की साखर झपकन खाली. काहींना कितीही द्या, हलायचं नाव नाही.

लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी एक साधी परीक्षा केली. रोग्याला ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी द्यायचं आणि रक्तातली साखर बघायची. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की मधुमेही दोन तऱ्हेचे आहेत. एकांचं शरीर इन्सुलिनला प्रतिसाद देतं, दुसऱ्यांचं देत नाही. म्हणजे सगळ्यांना इन्सुलिन 'कमी' पडतंय असं नाही. काहींच्या शरीरात ते असूनही त्याचं कुणी ऐकत नाही.

लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, कारण रक्तातलं इन्सुलिन मोजता येत नव्हतं. ते जमलं १९६० च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बेर्सन यांना. मोजलं तर काय? उतारवयात मधुमेह झालेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर होतं! हिम्सवर्थ बरोबर होते. यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. बेर्सन तोवर वारले होते.

दुसऱ्या बाजूचं कोडं १९७४ मध्ये उलगडलं. टाइप १ च्या रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच बेटांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडीजचा, शोध लागला. थोडक्यात, शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जिनं जंतूंशी लढायचं, तीच चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकत होती.

हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. पिकाला पाणी मिळत नाही. एका शेतात विहीरच आटली. दुसऱ्या शेतात विहिरीला पाणी आहे, पण पाइप तुंबलाय. मोटर जोर लावून लावून तापते आणि काही वर्षांनी तीही मंद होते. वरून बघितलं तर दोन्ही शेतं सारखीच सुकलेली. पहिलं शेत टाइप १. तिथं बाहेरून पाणी आणावंच लागेल. दुसरं शेत टाइप २. तिथं आधी पाइप मोकळा करायचा: चालणं, आहार, वजन, गोळ्या. पण मोटर फारच थकली तर तिथंही बाहेरून पाणी, म्हणजे इन्सुलिन, लागतं. म्हणून टाइप २ वाल्या आजीला उद्या डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं तर 'आता शेवट आला' असं समजू नका.

नावांचा घोळ

इतकं कळल्यावर नावं तरी नीट ठेवावी ना? पण नाही. आधी म्हणायचे 'लहानपणचा मधुमेह' आणि 'मोठेपणचा मधुमेह'. मग मोठ्यांनाही टाइप १ होतो हे दिसलं. १९७९ मध्ये नावं बदलली: 'इन्सुलिनवर अवलंबून असलेला' आणि 'इन्सुलिनवर अवलंबून नसलेला'. पण दुसऱ्या गटातल्या अनेकांना पुढं इन्सुलिन लागायचंच, मग त्यांना कुठं टाकायचं? शेवटी १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं ही नावं काढून टाकली आणि साधं ठेवलं, टाइप १ आणि टाइप २. रोमन आकडे पण नकोत म्हणाले, कारण रोमन दोन हा अकरासारखा वाचला जातो.

आपल्याकडं मात्र सगळ्याला एकच शब्द, 'शुगर'. 'शुगर निघाली', 'शुगर वाढली', 'त्याला पण शुगर आहे'. शब्द वाईट नाही. फक्त त्याच्यापुढं 'कोणती?' हा प्रश्न राहून जातो.

बारीक माणसाची शुगर

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे की, बारीक आणि तरुण म्हणजे टाइप १, जाड आणि म्हातारा म्हणजे टाइप २. नाही ना! इथंच आपली महाराष्ट्राची गोष्ट येते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायकांपासून सुरुवात करून त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण या किरकोळ बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

२००४ मध्ये याज्ञिक यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

याचा मराठवाड्याशी संबंध जोडायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या आजी-आजोबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. मिलो खाऊन, दुष्काळी कामावर खडी फोडून, सुकडीवर दिवस काढलेत. त्या पिढीच्या पोटी आपले आईबाप, आणि आता घरात बाइक, मोबाइल, पाव, कोल्ड्रिंक. उपाशी शरीराला अचानक सुबत्ता मिळाली की ते कसं वागतं, हा प्रश्न पुण्याच्या त्या खेड्यांइतकाच आपलाही आहे. म्हणून आपल्याकडं सडपातळ, पस्तिशीतल्या माणसालाही टाइप २ निघतो. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये समोर आला. त्यातले बहुतेक टाइप २ चे.

कुपोषणातून येणारा मधुमेह वेगळाच मानावा का, हा वादही जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये त्याला वेगळा वर्ग दिला, १९९९ मध्ये काढून टाकला, आणि २०२५ मध्ये इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशननं त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. म्हणजे हा इतिहास अजून लिहिला जातोय.

मग फरक ओळखायचा कसा?

चेहरा बघून नाही, वय बघूनही नाही. साधी साखर तपासणी किंवा तीन महिन्यांची एचबीएवनसी सांगते की मधुमेह आहे. कोणता, ते सांगत नाही. त्यासाठी अँटिबॉडीची तपासणी असते, आणि शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी सी-पेप्टाइड तपासणी असते. कोणती कधी करायची ते डॉक्टर ठरवतील, पण 'डॉक्टर, हा टाइप १ आहे की टाइप २?' एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्या हातात आहे ते लक्ष ठेवणं. टाइप २ दबक्या पावलांनी येतो, वर्षानुवर्षं कळतही नाही. टाइप १ बहुतेक वेळा दिवसांत, आठवड्यांत येतो: खूप तहान, सारखी लघवी, वजन घटणं, थकवा. पुढं उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. इथपर्यंत आलं की सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आहे. बोटावरच्या एका थेंबानं मिनिटात साखर कळते.

आणि रूममेटला टाइप १ असेल तर उलटी बाजूही माहीत हवी. अचानक घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं म्हणजे साखर खाली गेली. शुद्धीत असेल तर लगेच साखर किंवा गोड पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. सीबीएसईनं २०१७ पासून टाइप १ च्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत खाऊ नेऊ दिलाय, तो याचसाठी.

अजून एक आपल्याकडची अडचण, ऊन. गावात लाइट जाते, फ्रिज नसतो, पारा बेचाळीसवर. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालतं, पण जागा थंड हवी. अशा घरांत मातीच्या भांड्याचा उपयोग होतो. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आणि आत कोरड्या डबीत इन्सुलिन. माझा मित्र आजही गावी गेला की हेच करतो. ते मडकं आजीनंच आणून दिलंय.

हो, आजीला आता फरक कळतो. एकदा सोप्यात बसलेल्या पाहुण्यानं पुन्हा तेच सुरू केलं, "इन्सुलिनची सवय लागते..." तशी ती आतून ओरडली, "माझी शुगर येगळी, त्याची येगळी. त्याची सुई बंद करायची नाय!" सुश्रुतापासून यॅलोबाईंपर्यंत सगळ्यांचं सार तिनं एका दमात सांगितलं.

जाता जाता एक तारीख. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन, कारण तो बँटिंगचा वाढदिवस. आपल्याकडं त्याच दिवशी बालदिन असतो. या १४ नोव्हेंबरला शाळेत, हॉस्टेलवर, मेसमध्ये कुणी 'शुगर' म्हणालं, तर एवढंच विचारा: कोणती?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हा भाग त्या एका मित्राला नक्की पाठवा, जो रात्री सारखा पाणी प्यायला उठतोय.